ओली फरशी

बाबा,

मला आठवा महिना संपत आलाय. तुम्ही असता तर हे मी सांगितलं नसतं, आईने सांगितलं असतं, आणि तुम्ही "बरं, बरं" म्हणत चष्मा काढून पुसत बसला असतात. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून मीच सांगते. मनीषनगरच्या या फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, डाव्या कुशीवर पडून लिहिते आहे. वही उशीला टेकवली की घसरते, म्हणून ओळी वाकड्या आहेत. सात आठवडे झाले मी अशीच पडून आहे. मिहानमधल्या ऑफिसच्या बससाठी सकाळी खाली उतरत होते, तर जिन्यातच रक्त गेलं. दुखलं काहीच नाही, नुसतं गरम लागलं. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की वार खाली, गर्भपिशवीच्या अगदी तोंडावर बसली आहे. उठायचं ते फक्त बाथरूमसाठी आणि दोन घास खायला. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जिन्याचं तर नावच काढायचं नाही. याआधीचं एक तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं, त्यामुळे मी एकही प्रश्न न विचारता मान हलवली. त्याच संध्याकाळी आई सक्करदऱ्याच्या आपल्या घरून एक पिशवी आणि तिचं तेवढं जपमाळेचं पाकीट घेऊन आली. तेव्हापासून ती इथेच आहे. तुमचे जावई, ज्यांना तुम्ही पाहिलं नाही, सकाळी सहाला कारखान्याच्या गाडीने जातात आणि दिवे लागल्यावर येतात. मधले बारा तास आई आणि मी.

पडून राहणं किती कठीण आहे, हे मला माहीत नव्हतं. पहिला आठवडा बरा गेला. लोक येत होते, फोन करत होते, काय काय करत जा ते सांगत होते. ऑफिसातल्या एकीने रंगवायचं पुस्तक पाठवलं, आतमध्ये नुसती फुलं आणि मोर. समोरच्या काकूंनी फोनवर कुठलेसे श्लोक पाठवले, पोटाजवळ लावून ठेव म्हणाल्या, बाळ ऐकतं. चांगले विचार कर, असं तर प्रत्येकानेच सांगितलं. लॅपटॉप यांनी कपाटात ठेवला, कारण डॉक्टरबाईंनी बी.पी. वाढलेलं पाहून कामाचं नाव काढू नका म्हटलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून फोन कमी झाले. मी मोर रंगवले. नऊ मोर रंगवल्यावर पेन्सिल फेकून दिली. विमानं उतरायच्या वेळा पाठ झाल्या. खालच्या मजल्यावरची बाई कुकरच्या किती शिट्ट्या घेते, वरच्यांची टाकी किती वाजता भरून सांडते, सगळं कळायला लागलं. पोटात बाळ हललं की जीव भांड्यात पडायचा, आणि अर्धा तास हललं नाही की आईला न सांगता साखरेचं पाणी पिऊन वाट बघत पडायचे. एका दुपारी मी आईला म्हटलं, "मले काहीतरी काम दे वं. काहीबी दे. भाजी दे निवडायले."

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "काही नाही करत. तुले एकच काम आहे, पडून राहाचं. तेवढं कर."

ती सहज बोलली. कणीक मळत होती, हात भरलेले होते. पण बाबा, ते शब्द माझे होते. जसेच्या तसे. मी ते तुम्हाला बोलले होते, आणि तेव्हा आई घरात नव्हती, म्हणजे तिने ते माझ्याकडून घेतलेले नव्हते. पडलेल्या माणसाला उभा माणूस हेच बोलतो बहुतेक. मी भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवसापासून तुम्ही माझ्या डोक्यातून गेला नाहीत.

तुमचं दुकान आठवतं मला. दुकान कसलं, बर्डीच्या बाजारातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जिन्याखालची जागा, एक टेबल, एक खुर्ची आणि वरून लोंबणारा दिवा. वरती चाळीस मुली एकदम टाइप करायच्या आणि तुमच्या डोक्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. तुम्हाला तो ऐकू यायचा नाही. मात्र त्या चाळीसांतलं एखादं मशीन अडकलं की तुम्ही मान वर करायचात. "तिसऱ्या रांगेतलं दिसते," असं म्हणून पेचकस घेऊन वर जायचात, आणि ते खरंच तिसऱ्या रांगेतलं असायचं. मी शाळेतून थेट तिथे यायचे, तुमच्या खुर्चीखाली बसून डबा खायचे. तुमच्या हातांना रॉकेलचा आणि रिबिनीच्या शाईचा वास यायचा, त्याच हातांनी तुम्ही मला संत्रं सोलून द्यायचात आणि मला ते संत्रं तसंच आवडायचं. मी सातवीत होते तेव्हा मला सायकल हवी होती. वर्गातल्या सगळ्यांना मिळाली होती. वाढदिवसाला तुम्ही चादरीखाली झाकलेलं काहीतरी आणलंत, आणि मी चादर ओढली तर टाइपरायटर. तीन बंद पडलेल्या मशिनी मोडून एक केलेलं, मराठी अक्षरांचं. 'ळ' नव्हता त्यात, सापडला नाही म्हणालात. मी रडले. आईने मला रागावलं, तुम्ही नाही. तुम्ही मशीन जवळ ओढलंत, माझं नाव टाइप केलंत, कागद काढून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "सायकल पुढच्या साली घेऊ, माय. हे मी स्वतः केलं ना, म्हणून आणलं." पुढच्या साली टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आले.

मग तुम्ही घरी बसलात, पण रिकामे कधी बसला नाहीत. गल्लीतली घड्याळं, मिक्सर, शिवणयंत्रं, कुणाच्या सुटकेसचं कुलूप, सगळं आपल्या ओट्यावर यायचं. बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात तुमचा सगळा संसार होता. पेचकस, चिमटे, ब्रश, स्प्रिंगा, आणि फोटोच्या रोलच्या छोट्या डब्यांमध्ये मापाप्रमाणे वेगळे केलेले स्क्रू. लकवा झाला त्या दिवशीही तुमच्या मांडीवर कुणाचं तरी गजराचं घड्याळ उघडलेलं होतं.

तुमचे ते आठ महिने मी आत्ता, या पलंगावर, पहिल्यांदा मोजले. तेव्हा मोजायला मला वेळ नव्हता. मी चोवीस वर्षांची, मिहानमध्ये नवीन नोकरी, दुपारची पाळी. आई सकाळी पावणेदहाला तिच्या शाळेच्या ऑफिसात जायची आणि दीडला यायची, मी दीडला निघायचे. सकाळी तुम्ही माझ्या वाट्याला होतात. मी तुम्हाला पुसायचे, भरवायचे, कूस बदलून द्यायचे, आणि हे सगळं नीट करायचे, त्यात खोट काढायला जागा नव्हती. व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी एकदा म्हणाली होती की काकांच्या डाव्या हाताला काही ना काही करू देत जा, त्यांना बरं वाटतं. म्हणून डबा तुमच्या उशाशी ठेवला. तुम्ही डाव्या हाताने स्क्रू चादरीवर ओतायचात, वेगळे करायचात, परत भरायचात. दिवसभर. एकही वस्तू दुरुस्त होत नव्हती. मी ते बघायचे आणि मला वाटायचं, याला काय अर्थ आहे. आता मी नऊ मोर रंगवलेत, आता मला अर्थ विचारू नका.

त्यातल्या शेवटच्या आठवड्यात मला बघायला पाहुणे येणार होते. मी नवी चादर घातली, आणि तासाभराने येऊन बघते तर तिच्यावर मशीनच्या तेलाचा हाताएवढा डाग. एक स्क्रू तुमच्या पाठीखाली रुतून कातडी लाल झालेली. मला तो डाग आधी दिसला आणि पाठ नंतर, हे मी कबूल करते. मी ओरडले. "बाबा, आता पुरे झालं. तुमाले एकच काम आहे, पडून राहाचं. तेवढं करा." तुमच्या हातातला चिमटा मी काढून घेतला. सोडवून घ्यावा लागला, तुम्ही घट्ट धरला होता. डबा बंद केला आणि घरातल्या बोळातल्या लोखंडी कपाटावर ठेवून दिला, मागे, भिंतीला टेकवून. पुढचे चार दिवस तुम्ही रोज मागितलात. तुमचं बोलणं अडखळत यायचं, पण 'डब्बा' स्पष्ट यायचं. "दे ना वं, माय." मी रोज म्हणायचे, संध्याकाळी देते. संध्याकाळी मी घरी नसायचेच.

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगू शकले असते. मुलं आजारी आईबापांवर ओरडतात, लोक ऐकून समजून घेतात. पुढचं मी अकरा वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि बहुतेक सांगितलंही नसतं, जर आई या घरात बाथरूम पुसत नसती.

ती पहिल्या दिवसापासून पुसते. मला उठायचं असेल तर मी हाक मारायची, मग ती हातातलं काम टाकून येते, आधी एकटी आत जाते, कोरड्या फडक्याने फरशी पुसते, नंतर तळहात फिरवून बघते, मग दारापासून पलंगापर्यंतची फरशी पुसते, आणि मग मला उठवते. गुडघे दुखतात तिचे. भिंतीला धरून बसते, भिंतीला धरून उठते. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा. सुरुवातीला मला वाटलं माझ्यासाठी, पोटासाठी करते. मग एक दिवस मी म्हटलं, "आई, कोरडी ठक्क आहे फरशी. काहून पुसून राहिली तू इतकी? बाई आताच तर पुसून गेली."

ती फडकं पिळत होती. पिळायला त्यात पाणीच नव्हतं. म्हणाली, "माह्या हातून एकदा राहून गेलं होतं ना."

मला कळलं नाही. मी विचारलं, काय राहून गेलं होतं.

"त्या दिवशी. तुहे बाबा पडले त्या दिवशी. मी बोळ अन् बाथरूम फिनाइलनं धुतलं, अन् शाळेची घाई होती म्हणून तसंच ओलं टाकून निघून गेली. नेहमी पुसत होती मी. त्याच दिवशी नाही पुसलं. पाच मिनिटं लागले असते." ती पलंगाच्या कडेवर बसली. "कोणी बोललं नाही मले. तू बी नाही बोलली कधी. पण मले माहीत होतं ना. मी कशी जाणार होती मंग त्या शाळेत? ज्या शाळेच्या घाईपायी माणूस गेला, तिथं जाऊन खुर्चीवर बसू काय?"

बाबा, आईने तुमच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात शाळेची नोकरी सोडली. निवृत्तीला आठ वर्षं होती. तिला ती नोकरी किती आवडायची तुम्हाला माहीत आहे, मुलांचे दाखले ती मोत्यासारख्या अक्षरात लिहायची, बदलून आलेल्या प्रत्येक हेडमास्तरला तीच कामकाज शिकवायची. सगळ्यांनी समजावलं. ती म्हणाली, आता मन लागत नाही. मी ते दुःख समजले. मला ते सोयीचंही वाटलं, घरी आई असली की बरं. अकरा वर्षं ती जिथे जाईल तिथे फरशा पुसते, मावशीकडे, माझ्या सासरी, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा मी तिला मोरीपाशी वाकलेलं पाहिलं होतं, आणि आम्ही तिला हसलो होतो. स्वच्छतेचं वेड म्हणालो होतो.

त्या सकाळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्याशिवाय तुम्हाला एकट्यालाच माहीत होतं. मी पुढच्या खोलीत कुर्त्याला इस्त्री करत होते, फोन खांद्यात धरून मैत्रिणीशी बोलत होते, पाहुण्यांबद्दलच. स्टूल ओढल्याचा आवाज मला आला होता. आई घरी नाही, बाबा उठू शकत नाहीत, मग स्टूल कोण ओढतंय, हा विचार मनात आला आणि मी बोलतच राहिले. मग मोठा आवाज आला. बोळात तुम्ही उताणे पडला होतात, डोकं कपाटाच्या पायाशी. पलंगापासून कपाटापर्यंत तुम्ही एका पायावर कसे आलात, त्या स्टुलावर कसे चढलात, मला अजून कळत नाही. डबा उघडा पडला होता आणि स्क्रू पार बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत पसरले होते. तुमचे डोळे उघडे होते. आणि मी, बाबा, आधी स्टूल उचलून स्वयंपाकघरात ठेवलं. मग खाली बसून स्क्रू गोळा केले. तळहाताने ओढून ओढून, सगळे. एक तुमच्या खांद्याखाली होता, तोही काढला. डबा माझ्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवला. मग शेजारच्या काकूंना हाक मारली. हे सगळं होईपर्यंत तुम्ही माझ्याकडे बघत होतात. किती वेळ गेला असेल? पुढच्या खोलीत परत आले तेव्हा इस्त्री चालूच होती आणि कुर्ता जळला नव्हता, म्हणजे फार वेळ नसेल, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावत आले. पण इस्त्री मी उभी करून ठेवली होती. उभ्या इस्त्रीने कुर्ता कसा जळेल?

काकूंनी विचारलं, "कसे पडले वं बाबा?" मी म्हटलं, "फरशी ओली होती." खरंच ओली होती. म्हणूनच सुचलं असेल. मी आईचं नाव घेतलं नाही, आईचा विचारही माझ्या मनात नव्हता, मला फक्त ते स्टूल तिथे नको होतं. हॉस्पिटलच्या दारात आई धावत आली तेव्हा माझ्याआधी काकूंनीच तिला ओल्या फरशीचं सांगितलं. तुम्ही तीन दिवस होतात. डोळे परत उघडले नाहीत. त्या तीन दिवसांत मी देवाकडे दोन गोष्टी मागितल्या, एक म्हणजे तुम्ही वाचावं. दुसरी मी इथे लिहीत नाही, तुम्ही ओळखाल.

आई पलंगाच्या कडेवर बसून होती, फडकं तिच्या मांडीवर. मी गप्प राहू शकले असते. बी.पी. वाढू द्यायचं नाही, हे कारणही हाताशी होतं. पण ती परत उठायला लागली, भिंतीला हात लावून, आणि गुडघ्याचा आवाज झाला. मी म्हटलं, "आई, बाबा फरशीवरून नाही घसरले. स्टुलावरून पडले." मग सगळं सांगितलं. पडूनच सांगितलं, कारण उठून बसायची मला मनाई होती. स्वतःच्या आईला असं काही आडवं पडून, डोक्याखाली तिनेच ठेवलेली उशी घेऊन सांगावं लागतं, तेव्हा माणसाला आपली काय किंमत आहे ते कळतं. माझं संपल्यावर तिने फडक्याची घडी घातली. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. गॅलरीत गेली आणि तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर माझ्याकडे पाठ करून बसली. पोटात बाळ फिरत होतं, मी हात ठेवून त्याला गप्प बस म्हणत होते. तासाभराने ती आली. "चार वाजले. गोळी घे," म्हणाली. मी घेतली.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेव. कूस बदल. दूध पी. करायचं सगळं केलं, माझे केस विंचरले, पायांना तेल लावलं, पण तोंडाकडे बघितलं नाही. फडकं मात्र तिने हातात घेतलं नाही. मी हाक मारली की येऊन फक्त दंड धरून न्यायची. बाथरूमच्या दाराशी थांबून ती त्या कोरड्या फरशीकडे बघायची, आणि मला तिचा श्वास ऐकू यायचा. अकरा वर्षं जे ओझं तिने उचललं ते तिचं नव्हतंच, हे कळून तिला हलकं वाटलं असेल, असं मला उगाच वाटत होतं. तसं काही दिसलं नाही. वय झाल्यासारखी दिसली ती. जवळचं काहीतरी दुसऱ्यांदा गेल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने तुरीच्या शेंगांची परात आणली आणि पलंगावर, माझ्या हाताला येईल अशी ठेवली. आपण बाजूला बसली. आम्ही दोघी सोलत होतो. अर्धी परात झाल्यावर तिने विचारलं, "तो डब्बा त्याईनं तुले मागितला होता?"

"हो."

"किती डाव?"

"रोज. चार दिवस."

"मले नाही मागितला कधी." ती दाणे बाजूला करत होती, बोटं थांबली नाहीत. "मी दुपारभर तिथंच राहत होती ना. मी देला असता. मले काहून नाही मागितला त्याईनं?"

याचं उत्तर तुम्हीच तिला द्यायला हवं होतं. मला वाटतं, डबा मी काढून घेतला होता, म्हणून तो माझ्याकडूनच परत मिळवायचा, असं काहीतरी तुमच्या डोक्यात असेल. तुम्ही तसे होतात. पण हे मी तिला म्हटलं नाही. मी म्हटलं, "आई, माफ कर मले." तिने हात वर केला, पुढे बोलू नको अशा अर्थाने.

"ते आता विचारू नको," ती म्हणाली. "माफ केलं म्हणू तर खोटं होईल. नाही केलं म्हणू तर तू अशी पडून आहे. लेकरू होऊ दे सुखरूप. मंग पाहू." आणि पुढची शेंग उचलून, तिच्याकडे बघतच, "नोकरी तर काही वापस येत नाही."

त्याला आता बारा दिवस झाले. ती बोलते माझ्याशी. काल समोरच्या काकूंशी हसलीसुद्धा. पण ती एका हिशेबाने दूर आहे, आणि तो हिशेब तिचा आहे, मी त्यात बोट घालत नाही. रोज दुपारी ती काहीतरी आणून माझ्यापुढे ठेवते, लसूण, वाल, फुलवातींचा कापूस. न मागता ठेवते. मी वाती वळते. पहिल्या दिवशीच्या सगळ्या जाड झाल्या होत्या, आता बऱ्या होतात. माझे हात तुमच्यासारखे आहेत असं सगळे म्हणायचे, आखूड बोटांचे. तसे ते चालताना दिसले की मी तुम्हाला बघते, चादरीवर स्क्रू ओतताना. तेव्हा मी शेजारी दोन मिनिटं बसले असते तरी चाललं असतं. "हा कशाचा, बाबा?" एवढंच विचारलं असतं तरी तुमची सकाळ चांगली गेली असती.

परवा डॉक्टरबाईंकडे नेलं होतं, गाडीत आडवं झोपवून. वार हललेली नाही, उलट मागच्या वेळी पिशवी साफ केली तिथल्या जुन्या जखमेपाशी घट्ट चिकटल्यासारखी दिसते म्हणाल्या. आणखी थांबण्यात धोका आहे. उद्या सकाळी सातला भरती, दहाला ऑपरेशन. रक्ताच्या बाटल्या तयार ठेवायला सांगितल्या आहेत, यांच्या कारखान्यातली चार माणसं येणार आहेत. रक्त थांबलं नाही तर गर्भपिशवी काढावी लागेल, त्याचा वेगळा कागद होता. आणखीही एक कागद होता, तो यांनी वाचला आणि माझ्यापुढे फक्त सहीची जागा ठेवली. बाळ लहान आहे, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, पण ठोके चांगले आहेत. आई आत्ता बाजूच्या खोलीत माझी पिशवी भरते आहे. दोन गाऊन, पंचे, बाळाची टोपरी, जुन्या साड्यांची दुपटी. प्रत्येक घडी दोनदा घालते आहे.

हे कागद मी कुणाला देणार नाही. ते तुमच्यापर्यंत पोचतील असंही मला वाटत नाही. मी तेवढी भाबडी नाही, तुम्हीच होऊ दिलं नाहीत. आई पिशवी घेऊन आत येईल त्याआधी हे वहीतून फाडून बारीक करीन.

सगळ्यांना वाटतं मी धीराची आहे. यांना वाटतं, आईला वाटतं, डॉक्टरबाई तर नर्सला म्हणाल्यासुद्धा, पेशंट खूप शांत आहे. सह्या झाल्यावर त्यांनी पेन बाजूला ठेवून मला विचारलं होतं, काही विचारायचं आहे का? मी नाही म्हटलं. विचारायचं होतं, बाबा. खूप दुखेल का, एवढंच विचारायचं होतं. पस्तिसाव्या वर्षी ते विचारायची लाज वाटली, आणि विचारावं असं तिथे कुणी नव्हतं.